चुन्याचा सहावा ठिपका

एखाद्याला चुना लावला म्हणजे त्याला फसवलं, असं सगळ्या महाराष्ट्रात म्हणतात. धुळ्यात, पारोळा रस्त्याला असलेल्या नाना मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये त्याचा अर्थ बरोबर उलटा होता. तिथे ज्या नटाला चुना लागला, त्याच्यावर जीव टाकावा असा तो नट. मी त्या गॅरेजमध्ये नऊ वर्षं नानांच्या बरोबरीने काम केलं. दोन्ही अर्थ माझ्या एकाच बोटाने कसे खरे केले, ते मी चौदा वर्षं कुणाला सांगितलं नाही.

नाना तंबाखू खायचे. त्यांची दोन तोंडांची पितळी डबी होती, एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला ओला चुना. इंजिनाचा नट आवळून झाला की नाना करंगळीच्या टोकावर चुना घेत आणि नटावर टिकलीएवढा ठिपका देत. ज्याने नट आवळला त्यानेच ठिपका द्यायचा, आणि शेवटचा हिसका बसल्यावरच द्यायचा. सगळं आवळून झालं की नाना तेलाचं फडकं घेऊन ठिपके मोजत मोजत पुसत, कारण इंजिनाच्या आत चुन्याचा कणही राहून चालत नाही. ठिपका असलेला नट पुन्हा पाना लावून तपासायचा नाही, हा त्यांचा नियम होता. मी एकदा नवीन असताना तपासायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"चुना लागना ना? मंग हात लावू नको. तपासा म्हंजे तू आवळणाराले खोटा म्हने."

नाना उंच, किंचित वाकलेले. खाकी पँट, अर्ध्या बाहीचा सदरा, खिशाला कायम एक लांब स्क्रू ड्रायव्हर. बोलणं कमी आणि बहुतेक अहिराणीत. गिऱ्हाईक कलेक्टर कचेरीतला असो की केळीवाला, त्याच्याशी ते असंच बोलत. आणि इंजिन उघडण्याआधी गाडीच्या मालकाला एका लाकडी स्टुलावर बसवत. "ज्यानं इंजिन त्याले कळाले जोयजे," असं म्हणत, आणि मालकाला कळल्याशिवाय पान्याला हात लावत नसत. घाई असलेली माणसं वैतागत. काही निघून जात. नाना त्यांना थांबवत नसत.

त्यांचं शिकवणं तंबाखूवर चाले. डबी उघडून ते चिमूट घेत. "ही पयली पाळी. पिस्टन खाले जास, पेट्रोल नि हवा मझार लेस." हवा आत आली की चुना घालून तळहातावर चोळत. "ही दुसरी. पिस्टन वर येस, बठ्ठं दाबी टाकस." मग चिमूट ओठामागे ठेवून डोळे मिटत. "आते ठिणगी. किक बसनी. पिस्टन खाले फेकास." आणि थोड्या वेळाने गॅरेजच्या मागे जाऊन थुंकून येत. "नि ही चौथी. धूर बाहेर." एका गिऱ्हाइकाने विचारलं होतं, "नाना, मग तंबाखूने तुम्हाला होईल तसा माझ्या इंजिनाला कॅन्सर व्हायचा का?" नाना स्वतःच्या छातीवर बोट टेकवून म्हणाले, "तुन्ही गाडी धूर गिळी राह्यनी. तिले मनापेक्षा आधी व्हई."

चारातल्या एकाच पाळीत जोर तयार होतो, बाकीच्या तीन पाळ्या मागे लावलेल्या जड चाकाच्या वेगावर निभावतात. दोन झडपा म्हणजे दोन दारं, आणि दोन्ही कधीच एका वेळी सताड उघडायची नाहीत. पिस्टनच्या रिंगा बांगड्यांसारख्या. घट्ट झाल्या तर भिंत खरवडतात, सैल झाल्या तर तेल जळतं. हे सगळं ते सांगत, पण त्यांचा खरा जीव कनेक्टिंग रॉडवर होता. पिस्टन फक्त वर-खाली जातो. खालचा क्रँक फक्त गोल फिरतो. दोघांची चाल एकमेकांशी जुळत नाही. मधला रॉड वरून एकाला धरतो आणि खालून दुसऱ्याला, मिनिटाला हजारो वेळा. त्याचा खालचा पाय क्रँकला कवळतो तो दोन नटांनी. नाना मालकाच्या हातात रॉड देत आणि म्हणत, "आते दख. बठ्ठा संसार या दोन नटवर शे."

सगळा संसार दोन नटांवर, हे ऐकल्यावर स्टुलावरच्या माणसाच्या चेहऱ्यावर थोडी भीती दिसायची. नानांना ती हवी असायची, असं मला वाटतं.

त्यांचा कान मात्र सगळ्यांना भिववायचा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला. मग कुठला रॉड, कुठली झडप, ते बोट ठेवून सांगत. कधी कधी स्क्रू ड्रायव्हरचीही गरज लागत नसे. एकदा आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेत होतो. एका कापड दुकानदाराची पेट्रोल गाडी रस्त्यावरून गेली. नानांनी कप खाली ठेवला, रस्त्यात उभे राहिले आणि गाडी अडवली.

"भाऊ, ही गाडी आज बाहेरगावी नेऊ नको."

दुकानदार हसला. "नाना, तुम्ही मिस्त्री का ज्योतिषी?"

"तेल वर चढी नही राह्यनं. धातूले धातू लागी राह्यना."

तो पारोळ्याला लग्नाला गेला. दुसऱ्या दिवशी गाडी दोराने ओढत आणली, इंजिन जाम. तेव्हापासून ओळखीची माणसं गॅरेजसमोरून जाताना गंमत म्हणून इंजिन बंद करून गाडी नुसती घरंगळत नेत. गंमतच होती ती, पण पुढे पुढे काही जण हसत नसत. नानांनी गाडीकडे मान वळवली की चालवणाऱ्याचा चेहरा उतरत असे. मी स्वतः माझी मोटारसायकल कोपऱ्यावर बंद करून ढकलत आणायचो. तिच्यात काही खोट नव्हती. तरीही.

आता त्या दिवसाचं सांगतो.

चौदा वर्षांपूर्वीचा उन्हाळा. चाळीसगावच्या बाजूच्या एका खेड्यातला सुपडू नावाचा माणूस त्याची पेट्रोल व्हॅन घेऊन आला. तो त्या व्हॅनमधून बँडचं सामान आणि वाजवणारे गावोगाव न्यायचा, स्वतः क्लॅरिनेट वाजवायचा. व्हॅन धूर टाकत होती. नानांनी त्याला स्टुलावर बसवलं, तंबाखू चोळून चारी पाळ्या सांगितल्या, हातात रॉड दिला. सुपडूने तो क्लॅरिनेट धरावा तसा दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाला, "नाना, एवढासा जीव नि एवढं काम?"

त्या इंजिनात तीन पिस्टन, तीन रॉड, म्हणजे खालचे सहा नट. पहिल्या आणि दुसऱ्या रॉडचे चार नट नानांनी आवळले आणि ठिपके दिले. तेवढ्यात कुणीतरी रस्त्यावर गाडी घेऊन आलं, कानाने बघा म्हणून. नाना उठले. "शरद, तिसरा तू आवळ," म्हणाले, आणि डबी माझ्यापाशी ठेवून गेले.

मी तिसऱ्या रॉडचे दोन्ही नट आधी हाताने बसवले. मग टॉर्क पाना लावला. हा पाना ठरावीक जोर झाला की कट् असा वाजतो. पहिला नट कट् वाजला. दुसऱ्याला पाना नीट बसेना, क्रँक जरा फिरवायला हवा होता. उन्हाने डबीतला चुना वाळत चालला होता. करंगळीवर घेतलेल्या चुन्यात दोन ठिपक्यांइतका ऐवज होता. मी दोन्ही नटांवर एकदम ठिपके दिले. दुसरा आता आवळतोच आहे, म्हणून.

तेवढ्यात माझा फोन वाजला. जळगावचा मेहुणा होता. मी जळगावात स्पेअर पार्टचं दुकान काढायच्या विचारात होतो, जागा बघणं चाललं होतं, आणि नानांना मी ते सांगितलं नव्हतं. म्हणून फोन घेऊन मी गॅरेजच्या मागे गेलो. दहा मिनिटं बोललो. गाळ्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे, शेजारी कोण आहे, असलं काहीतरी.

परत आलो तेव्हा नाना व्हॅनखाली होते आणि फडक्याने ठिपके पुसत होते. "एक. दोन. तीन." त्यांचा आवाज खालून येत होता. मी उभा राहिलो. मला वाटलं, दुसरा नट मी आवळला का? कट् आवाज मला दोनदा आठवत होता, पण दोन्ही वेळा तो पहिल्याचाच असेल, असंही वाटत होतं. "चार. पाच." त्या क्षणी थांबा म्हणायचं होतं. थांबा म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, आवळल्याआधी चुना कसा लावला? आणि मग, कुठे गेला होतास?

"सहा. बठ्ठं बराबर शे."

खालचं चेंबर बसलं. तेल भरलं. इंजिन चालू झालं, एका झटक्यात, आवाज मऊ. सुपडूने हात जोडले. नानांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला, पहिल्यावर, दुसऱ्यावर. तिसऱ्यावर आले आणि तिथेच राहिले. खूप वेळ. मग मान न उचलता म्हणाले,

"तिसरा काहीतरी बोली राह्यना."

मी हातातला पाना पेटीत ठेवला.

"तिसरा कोनी आवळा?"

"मी, नाना. चुना लावला होता की. तुम्हीच पुसला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत शंका असती तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर कानापासून काढला, खिशात ठेवला आणि सुपडूला म्हणाले, "ले जा भाऊ. मना कान आज भलताच ऐकी राह्यना."

त्या रात्री आणि त्यानंतर रोजच मी सुपडूला फोन करू शकत होतो. त्याचा नंबर भिंतीवर खडूने लिहिलेला होता. मी त्या नंबरासमोर बसून डबा खात होतो. प्रत्येक दिवस सुखरूप गेला की मला वाटे, बघ, आवळला होतास. असे वीस-बावीस दिवस गेले.

मग सुपडूच्या भावाचा फोन आला. कन्नडच्या घाटात, चढावरच्या एका वळणावर, सीटखाली मोठा आवाज झाला, रॉड इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला आणि व्हॅन जागच्या जागी थांबली. सुपडू उतरून मागे दगड लावत होता. मागून येणाऱ्या ट्रकला वळणावर व्हॅन दिसली नाही. सुपडूचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

नाना चाळीसगावला दवाखान्यात जाऊन आले. सुपडूच्या घरच्यांना आणि विचारायला आलेल्या पोलिसांना त्यांनी एकच सांगितलं, काम माझं होतं. परत आल्यावर ते स्टुलावर बसले. त्यांना त्या स्टुलावर बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"शरद, तिसराले चुना लावा व्हता ना? आवळीसनच लावा व्हता ना?"

"हो, नाना."

ते हळूहळू बोलत गेले, हिशेब मांडल्यासारखे. "मंग तिसरा नही. पयला नही तर दुसरा. म्हंजे मना हात. नि कान सांगी राह्यना व्हता तिसरा. म्हंजे कानबी खोटा." थोड्या वेळाने म्हणाले, "हात गया नि कानबी गया. मंग उरनं काय?"

ते इंजिन त्यांनी कधी पाहिलं नाही. सुपडूच्या भावाने व्हॅन चाळीसगावातच भंगारात दिली होती. मी मात्र गेलो. घरी खोटं सांगून, एका दुपारी. भंगाराच्या आवारात ती व्हॅन कुशीवर पडलेली होती, आत अजून एका ढोलाचं फाटलेलं कातडं. इंजिनाचं खालचं चेंबर कुणीतरी काढून नेलेलं होतं. वाकून पाहिलं. भिंतीला भोक होतं ते तिसऱ्या रॉडच्या जागी. पहिला आणि दुसरा, नानांचे, आपापल्या जागी पक्के होते. मी त्यांचे नट बोटाने चाचपून पाहिले. चारही नट हलेनात.

मी धुळ्याला परत आलो आणि सांगितलं नाही.

नानांनी त्यानंतर कुठल्याही इंजिनाला स्क्रू ड्रायव्हर टेकवला नाही. गाडी ऐका म्हणून कुणी आलं की म्हणत, "मना कान खोटा शे भाऊ, दुसरा मिस्त्री दख." पावसाळ्यात गॅरेज बंद करून ते पारोळ्याला, किल्ल्यामागच्या आपल्या घरी गेले. मी जळगावला दुकान काढलं. दुकान चांगलं चाललं. रॉडचे नट मी खोक्यांनी विकतो.

मागच्या हिवाळ्यात मी पारोळ्याला गेलो. का तेव्हाच, ते नक्की सांगता येत नाही. एक गिऱ्हाईक दुकानात आलं होतं आणि बोलता बोलता म्हणालं, नाना मिस्त्री घरभर चुना लावत सुटलेत, डोकं फिरलं म्हणतात. ते माझ्या मनातून जाईना.

सकाळी अकराची वेळ. नानांच्या बायकोने, अक्कांनी, दार उघडलं आणि मी आधी पाहिले ते ठिपके. दाराच्या कडीवर, बिजागरीच्या प्रत्येक स्क्रूवर, नळाच्या मुठीवर, गॅसच्या शेगडीवर, खाटेच्या बोल्टांवर, पंख्याच्या दांड्यावर. काही ठिपक्यांवर ठिपके इतके चढले होते की त्यांचे गोळे झाले होते. पांढऱ्या बुबुळांसारखे ते चहूकडून बघत होते.

"दख भाऊ," अक्का म्हणाल्या, "बठ्ठं घर चुनानं करी टाकं. रोज सकाळे पाना लिसन फिरतस. आवळेल नट पुन्हा आवळतस. म्हनतस, मना हातना भरोसा नही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "चुना लावतस, पुसत मातर नहीत."

नाना ओट्यावर उन्हात बसले होते. बारीक झाले होते. मला ओळखलं, बस म्हणाले, गाडी कुठली घेतली ते विचारलं. पेट्रोलची छोटी गाडी आहे म्हटल्यावर मान हलवली. अक्कांनी चहा आणला. मी चहा घेतला नाही. मी म्हटलं, नाना, त्या व्हॅनच्या तिसऱ्या रॉडचा एक नट मी आवळला नव्हता. चुना आधी लावला होता. तुम्ही पुसत होतात तेव्हा मी मागे उभा होतो, आणि मला शंका होती. मी भंगारात जाऊन इंजिनही पाहिलं. तुमचे चारही नट जागेवर होते.

हे सगळं मी एका दमात सांगितलं. चौदा वर्षं मी ते मोठं समजत होतो. बोलायला एक मिनिटही लागलं नाही.

नानांनी मांडीवरचा पाना बाजूला ठेवला. त्यांनी आपला उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला. मग त्याच हाताने कानामागचं हाड चोळलं, जिथे स्क्रू ड्रायव्हरची मूठ टेकायची.

"म्हंजे तिसराच व्हता," ते म्हणाले.

"हो, नाना."

"तिसराच व्हता." आणि अक्कांना हाक मारून म्हणाले, "ऐकं का? तिसराच व्हता." अक्कांना काही कळलं नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

मला वाटलं ते ओरडतील, निदान ऊठ म्हणतील. त्यांनी फक्त विचारलं, "सुपडूले सांगं का?"

मी नाही म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग पाना उचलून उठले आणि गल्लीत उभ्या असलेल्या माझ्या गाडीपाशी गेले. मी अक्कांपाशी बसून होतो. अक्का मला त्यांच्या गुडघ्यांबद्दल सांगत होत्या आणि मी हूं हूं करत होतो. नाना परत आले तेव्हा त्यांची करंगळी पांढरी होती. निरोप घेतला तेव्हा ते दारातूनच म्हणाले, "आगे जाईसन एक डाव चाकं दख."

आरशात ते दिसत होते. दाराच्या चौकटीला टेकलेले, मान एका बाजूला कललेली. माझी गाडी गल्लीतून जात होती आणि ते तिचा आवाज ऐकत होते. चौदा वर्षांनी ते कुठलं तरी इंजिन ऐकत होते. मी नानांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं. दीड महिन्याने ते गेले. अक्का सांगत होत्या, शेवटच्या दिवसांत घरातले सगळे ठिपके त्यांनी ओल्या फडक्याने पुसून काढले, मोजत मोजत.

त्या दिवशी गाव संपल्यावर मी गाडी बाजूला घेतली आणि चाकं पाहिली. मागची दोन्ही आणि पुढचं उजवं, प्रत्येकाला चार नट, चारही नटांवर ठिपके. पुढच्या डाव्या चाकाला तीनच ठिपके होते. चौथा नट कोरा होता. डिकीतून पाना काढला आणि लावला. नट पाव फेरा फिरला.

त्यांनी तो सैल ठेवला होता, आणि त्याच्यावर चुना लावला नव्हता.

मी रस्त्याच्या कडेला खूप वेळ बसलो. बाजूने ट्रक जात होते. मग तो नट आवळला. ठिपका असलेल्या नटांना पाना लावला नाही. पुढे फाटा आला, एक रस्ता जळगावचा, एक भडगाववरून चाळीसगावचा. मी जळगावला वळलो नाही.

सुपडूच्या अंगणात दुपार उतरली होती. तो बाजेवर बसून होता, कुबडी भिंतीला, मांडीवर क्लॅरिनेट, त्याच्या चाव्या पुसत होता. मला ओळखायला त्याला वेळ लागला.

"नाना मिस्त्रीनी धाडं का?"

मी हो म्हणालो. त्याने बाजेवर जागा केली, पण मी बसलो नाही. पलीकडे एक लाकडी पाट होता, तो ओढला आणि त्याच्या पुढ्यात खाली बसलो. कुठून सुरुवात करावी ते सुचेना, म्हणून नाना जिथून करायचे तिथूनच केली.

"भाऊ, तुझ्या इंजिनात तीन रॉड होते. एकेका रॉडला..."

"दोन नट," सुपडू म्हणाला. "माले याद शे. नानानी हातमा दिधा व्हता. बठ्ठा संसार दोन नटवर."

"हो," मी म्हणालो. "त्यातला एक मी आवळला नव्हता."